गिरणी होती तिथून डावीकडे

आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी बंद झाली हे मला तीन आठवड्यांनी कळलं, आणि तेही शेजारच्या दादांच्या फुटलेल्या गुडघ्यावरून. संध्याकाळी जिना चढत होते, तर दादा पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून उभे. पँट गुडघ्यावर फाटलेली, त्यातून चिखल आणि रक्त दिसत होतं. "काय झालं दादा?" म्हटलं, तर म्हणाले, "काही नाही ताई, गिरणी चुकली."

मला वाटलं, दळण आणायला निघाले असतील. पण दादा दळणाला नव्हते गेले, ते घरीच येत होते. दादा जन्मापासून आंधळे आहेत. हा शब्द त्यांचाच, मी एकदा 'दृष्टिहीन' म्हटलं तर वहिनींना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, आपलं प्रमोशन झालं." वहिनींनाही दिसत नाही. तर स्टेशनवरून घरी यायचा दादांचा रस्ता असा: बाजाराच्या गोंगाटातून सरळ, मग मोकळा पट्टा, मग उजव्या कानाला गिरणीची घरघर लागली की दहा पावलं आणि डावीकडे. ती घरघर जूनच्या सुरुवातीलाच थांबली होती. "मग इतके दिवस कसे येत होतात?" मी विचारलं.

"वास होता ना," दादा म्हणाले. "गरम पिठाचा वास भिंतीला बसलेला असतो. तीन आठवडे वासावर भागलं. काल पाऊस झाला, धुऊन गेला."

वळण चुकून ते पुढे गेले आणि पाइपासाठी कुणीतरी खणून ठेवलेल्या चरात पडले. चराभोवती पत्रा नाही, दोरी नाही. ते खणणाऱ्यांविषयी मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबून बघितलं. शटर ओढलेलं, कुलपावर ओल. मी रोज दोनदा तिथून जात होते. गिरणी का बंद पडली, हे विचारायचीही सोय नव्हती, कारण गेली चार वर्षं मी पिशवीतलं तयार पीठ आणते.

वांगणी नक्की कुठे आहे, हे मला ऑफिसात अजूनही वर्षातून दोनदा तरी सांगावं लागतं. सीएसएमटीपासून सुमारे ७९ किलोमीटर. अलीकडे बदलापूर, पलीकडे शेलू. शेलूला रायगड जिल्हा लागतो, म्हणजे आम्ही ठाणे जिल्ह्याच्या शेवटच्या बाकावरचे. तालुका अंबरनाथ. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आगगाडी इथून जाते आहे. एका अंगाला चंदेरीचा सुळका, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, मधून रूळ. बदलापूर सुटलं की गाडी दहाएक मिनिटं स्टेशनच न लागता पळत राहते. नवखा माणूस तेवढ्यात कावराबावरा होतो आणि दारातल्याला विचारतो, "वांगणी गेलं का?"

मी इथे पहिल्यांदा आले ती अंधार बघायला. नव्वदच्या दशकाची अखेर होती, कॉलेजचं दुसरं वर्ष. खगोल मंडळासारखी संस्था तेव्हा आकाशदर्शनासाठी मुंबईकरांना रात्रभर वांगणीला आणायची. त्याचंच वेड आमच्या चारपाच जणांच्या टोळक्याला लागलं होतं. मुलींनी रात्रभर शेतात बसायचं, तेही ताऱ्यांसाठी, हे आईला पटवायला एक आठवडा गेला. डिसेंबरची थंडी, सतरंजी, थर्मासमधला चहा. मृग नक्षत्राच्या पोटातल्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका असतो, तो तेजोमेघ, तेराशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर. तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, तेव्हा आमच्यातला एक जण इतका मोठ्याने ओरडला की लांबच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून मृग नुसता चौकटीसारखा दिसायचा. आत काही असतं हे माहीतच नव्हतं.

पंधरा वर्षांनी परत आले, ती घर घ्यायला. चंदेरी जागच्या जागी होती. भाव वाढले होते, पण मुंबईच्या मानाने आमच्या कर्जात बसणारे होते. बिल्डरच्या माहितीपत्रकावर 'शांत' हा शब्द चार वेळा होता. मोजला, कारण प्रूफं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. एका पानावर एकच विशेषण चार वेळा आलं की माझा पेन आपोआप उघडतो.

आणि खरं सांगायचं तर, इथली शांतता मला कित्येक वर्षं ऐकूच आली नाही. सकाळी अंधारात बाहेर पडायचं. कर्जतहून येणाऱ्या लोकलला वांगणीला नशीब जोरावर असलं तर विंडो, नाहीतर चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला टेकण्यापुरती जागा, मिळते. बदलापूरला लोंढा आत शिरतो तोवर आपण बसलेलो असतो. त्या दोन तासांत बायका मटार सोलतात, पोथी वाचतात, भिशी काढतात, आणि कुणाच्या तरी सुनेचा निकाल लावतात. रात्री परत यायचं, जेवायचं, झोपायचं. वांगणी माझ्यासाठी एक उशी आणि एक प्लॅटफॉर्म एवढीच होती. रविवारी तेवढी गॅलरीत उभी राहून मी म्हणायचे, किती शांत आहे नाही! सोमवारी पुन्हा चौथी सीट.

आमच्यासारखी नोकरदार माणसं इथे परवडतं म्हणून आली, तशीच आंधळी माणसंही. भाडं कमी आणि गाव रेल्वेच्या रुळावर. कुणी एक आला, त्याने शाळेतल्या मित्राला बोलावलं, मित्राने बायकोच्या मैत्रिणीला. आंधळ्यांच्या शाळांची वसतिगृहं असतात, तिथली ओळख जन्मभर टिकते. असं होत होत आज वांगणीत अशी बरीच कुटुंबं आहेत. बहुतेक जण लोकलमध्ये वस्तू विकतात: पासाची कव्हरं, कीचेन, नेलकटर, रुमाल, सेफ्टी पिनांची पाकिटं. सकाळी दहाच्या सुमाराला, आमची गर्दी उतरून गेल्यावर, खांद्यावर पिशवी आणि हातात पांढरी काठी घेतलेली माणसं प्लॅटफॉर्मवर जमतात. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, अशी तीनचार जणांची रांग बाजारातून जाताना इथे कुणी वळून बघत नाही. कांदेवाला टोपली पायाने आत सरकवतो, बोलणं न थांबवता.

परवान्याशिवाय गाडीत विकायला कायद्याने बंदी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४४ वं कलम दादांना तोंडपाठ आहे. त्यांनी दंडही भरलेला आहे. "कलमाचं काय आहे ताई," ते म्हणतात, "वर्दीच्या बुटाचा आवाज वेगळा येतो. वेळेत उतरायचं."

नोटांचा धडा मला त्यांनी एकदा जेवणाच्या टेबलावर दिला. नव्या शंभराची आणि दोनशेची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. एकेका नोटेत फरक चार मिलिमीटरचा. दादा नोट पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात बसवतात, दुमडतात आणि कडेवर अंगठा फिरवतात. कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, त्या कोऱ्या नोटेवर लागतात. मळकी नोट असली की रेघा गेलेल्या. मी डोळे मिटून करून बघितलं. पाच वेळांपैकी तीनदा चुकले. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं 'मनी' नावाचं ॲप २०२० पासून आहे, पण चालत्या गाडीत एका हाताने दांडी धरायची आणि दुसऱ्याने माल, तिथे मोबाइल काढायला तिसरा हात कुठून आणायचा? आता स्कॅन करून पैसे देणारे वाढलेत, आणि छोटा स्पीकर मोठ्याने सांगतो, 'वीस रुपये प्राप्त झाले.' तो स्पीकर म्हणजे दादांच्या मते या शतकातला सगळ्यात प्रामाणिक माणूस.

त्यांच्याशी ओळख वाढली तसं मला कळायला लागलं की आपण ज्याला शांत म्हणतो त्या गल्लीत केवढी गर्दी आहे. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. तिसऱ्या घराच्या टाकीतून ओघळणारं पाणी. पिंपळाखाली चालताना वरून येणारा आवाज बदलतो, भिंतीजवळून गेलं की काठीचा ठोका 'बंद' ऐकू येतो, फाटक उघडं असलं की 'मोकळा'. गाड्यांचं तर विचारूच नका. डेक्कन क्वीन आमच्याकडे थांबत नाही, संध्याकाळी नुसती वारा देऊन जाते. २०२२ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी दादा गॅलरीत कान देऊन उभे होते. म्हणाले, "राणीने चपला बदलल्या." मला वाटलं गंमत करताहेत. दोन दिवसांनी पेपरात वाचलं की गाडीला नव्या बनावटीचे, एलएचबी नावाचे डबे लागलेत.

त्यांच्या मुलीला दिसतं. ती रांगायला लागली तेव्हा वहिनींनी तिच्या पायांत घुंगरांचे पैंजण घातले, चांगले वाजणारे, सोनाराला सांगून बनवून घेतलेले. दोघांना न दिसणारं लेकरू घरभर कुठे आहे हे त्या आवाजावर कळायचं. गॅसपाशी गेली की वहिनी पोळपाटावरून न उठता म्हणायच्या, "माघारी फीर." आणि आवाज माघारी फिरायचा. मलाही त्या पैंजणांची सवय झाली होती. रविवारच्या दुपारी ती जिन्यावर खेळत असली की माझी झोप मोडायची, आणि एकदा मी वहिनींना तसं सुचवूनही पाहिलं, घुंगरं थोडी कमी करता येतील का. त्या म्हणाल्या, "करते हं ताई." केली नाहीत. बरं झालं.

वांगणीचं नाव बाहेरच्या जगाला दोनदा ऐकू आलं. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली, आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. आणि १७ एप्रिल २०२१ ला आमच्या स्टेशनवर एका अंध आईबरोबर चाललेलं मूल रुळांवर पडलं, समोरून एक्सप्रेस येत होती, आणि रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळांतून धावत जाऊन मुलाला वर ढकललं. काही सेकंदांचं ते चित्रण देशाने पुन्हा पुन्हा पाहिलं. मला दिवसभरात तीस जणांनी पाठवलं. आमच्या मजल्यावर ते बघणारी मी आणि ती मुलगी, दोघीच. मी दादांना आणि वहिनींना शब्दांत सांगितलं: तो कुठून धावला, मूल कुठे होतं, किती अंतर राहिलं. मोबाइलचा आवाज बंद होता. वहिनी मधेच म्हणाल्या, "आवाज लावा ना." लावला. पण ते सीसीटीव्हीचं चित्र, त्याला आवाज नव्हताच. "म्हणजे जिचं मूल पडलं तिला काय काय ऐकू आलं ते कुणालाच माहीत नाही," एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्याआधीचं एक वर्ष सांगायचं राहिलं. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या. माहितीपत्रकातला 'शांत' हा शब्द इतका खरा कधीच झाला नव्हता. सकाळी भारद्वाजाचा हुंकार चंदेरीपर्यंत जाईल असं वाटायचं. मी घरून काम करत होते आणि समाजमाध्यमावर पक्ष्यांचे आवाज टाकत होते. दादा गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. गाडी नाही म्हणजे धंदा नाही, हे तर होतंच. कुणी ना कुणी शिध्याची पाकिटं आणून देत होतं, त्यावर घर चाललं. पण त्यांना वेळच कळेनाशी झाली होती. "अकराची गाडी नाही, दीडची नाही. घड्याळातला बोलणारा बाई-आवाज वेळ सांगतो, पण ती खोटी वाटते," म्हणायचे. दुपारी तीनला झोपून रात्री दोनला उठायचे. १५ जूनला अत्यावश्यक सेवेच्या लोकल सुरू झाल्या. पहिली गाडी गेली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना चढायची परवानगी नव्हती, ती मिळायला पुढे कितीतरी महिने लागले. तरी त्या रात्री म्हणे वेळेवर झोप लागली.

मी मात्र ते पक्ष्यांचे आवाज नंतर काढून टाकले. कुणी काही म्हणालं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत इथे काय काय वाढतंय ते मोजत बसले तर लेख संपायचा नाही. इमारती, त्यांच्यासाठीचे ट्रक, ट्रकांसाठी रुंद होणारे रस्ते. २०२५ च्या जुलैत गिरणी कामगारांनी आझाद मैदानावर आंदोलन केलं, त्यात आमचं नाव पुन्हा पेपरात आलं: सरकार शेलू-वांगणीकडे घरं देऊ पाहतंय आणि त्यांना ती मुंबईतच हवी आहेत. लालबागला आमच्या चाळीत राहिलेल्या एका काकांनी मला फोन करून विचारलं, "तू राहतेस ना गं तिकडे, कसं आहे?" म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं? डोंगर छान आहे म्हटलं. ते म्हणाले, "डोंगर छान असायला मी काय तिथे चढायला येणार आहे का?" बरोबरच होतं त्यांचं. ज्या माणसाच्या कानात पन्नास वर्षं गिरणीच्या भोंग्याची वेळ बसली आहे, त्याला तुम्ही ऐंशी किलोमीटरवर नेऊन निसर्ग दाखवणार.

पावसात मात्र वांगणी अजून जुनी होते. स्टेशनाबाहेर ठाकूर-कातकरी बाया पानांवर शेवळं, कंटोळी, कुळूच्या जुड्या अशा रानभाज्या मांडून बसतात. दादा जुडी हातात घेतात, देठ मोडतात, 'टक' असा आवाज आला तरच घेतात. आवाज नाही आला तर जुडी मुकाट्याने परत. ती बाईही काही बोलत नाही, खालची दुसरी काढून देते.

नवा त्रास बॅटरीच्या स्कूटरींचा. त्या येतात ते कळतच नाही. मला त्या आवडायच्या: धूर नाही, फटफट नाही. दादांना एकीने कोपर घासून नेलं. आणि अशातच, नववा वाढदिवस झाल्यावर, मुलीने पैंजण काढून ठेवले. शाळेत कुणीतरी 'बैल आला' म्हणालं होतं. वहिनी रागावल्या नाहीत. पोरगी मोठी झाली, आता गॅसपाशी गेली तर चहाच करील, म्हणाल्या. पण पहिले काही दिवस त्या भिंतीपलीकडून सारखी तिच्या नावाने हाक मारताना ऐकू यायच्या. काम काहीच नसायचं. ती 'ओ' म्हणायची, संपलं. पुढे तिने स्वतःच एक सवय लावून घेतली. घरात फिरताना ती बोटांनी भिंत, कपाट, दार असं वाजवत जाते. बाहेरून आलेल्याला वाटावं, पोरीला तबला शिकायचा असेल.

गुडघा बरा व्हायला दादांना दोन आठवडे लागले. चर अजून तसाच आहे. मीच दोन बांबू आणि जुन्या साडीची पट्टी लावली, ती पावसाने लोंबतेय. वळणासाठी काहीतरी खूण हवी म्हणून मी म्हटलं, गिरणीच्या शटरला घंटा बांधू या का, वाऱ्याने वाजेल. दादांनी तोंड कसनुसं केलं. "वारा काय नोकरीला आहे का माझ्याकडे?" मग त्यांनीच मोकळ्या पट्ट्यातली पावलं मोजली. बाजार संपल्यापासून दोनशे अठरा. पावसात दोनशे चोवीस, कारण चिखलात पाऊल छोटं पडतं.

परवा शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं एकाच गाडीने उतरलो. पाऊस संपून आकाश स्वच्छ झालं होतं. पाचसहा कॉलेजची मुलं प्लॅटफॉर्मवर घोळका करून उभी होती, एकाच्या पाठीवर दुर्बिणीची लांबट पिशवी. मला ती पिशवी बघूनच कळलं. बदलापूरच्या बाजूचं आभाळ आता रात्रीही तांबूस असतं, मृगाखालचा तो ठिपका माझ्या गॅलरीतून दिसेनासा होऊन चार वर्षं झाली. पण डोंगराकडे सरकलं तर अजून थोडा काळोख शिल्लक आहे. मोबाइलचा नकाशा त्या मुलांना नदीकडे पाठवत होता. त्यातली एक मुलगी दादांची काठी न बघता त्यांनाच विचारून बसली, "काका, शेतांकडे जायचा रस्ता कुठला? जिथे दिवे नाहीत तिथे जायचंय."

दादांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. "अंधार बघायला आलात होय? लांबून आलात?"

"घाटकोपरहून."

"आम्हाला सांगायचं, घरपोच दिला असता," दादा म्हणाले. मुलं आधी गोंधळली, मग काठी दिसली, मग हसावं की नाही यात अडकली. दादांनी काठीने बाजाराकडे दाखवलं. "सरळ जा. बाजार संपला की मोकळं लागेल. गिरणी होती तिथून डावीकडे वळा. पुढे उजव्या हाताला चर आहे, सांभाळून."

मुलं थँक्यू म्हणून निघाली. थोडं पुढे जाऊन त्यातल्या एकाने मोबाइल वर धरला आणि मागे वळून ओरडून विचारलं, "काका, गिरणी कुठली? इथे दाखवत नाहीये."

दादा मोजायला लागले होते. सतरा, अठरा. त्यांनी हाताने मला खूण केली, तू सांग म्हणून.